ताप, तप आणि पथ्य

आयुर्वेदाने व्याधींची जी वर्गवारी केली आहे तिच्यात ‘याप्य’ नावाचा एक प्रकार येतो, आणि आयुष्यभर सोबत राहणाऱ्या आजाराविषयी तात्त्विक विचार करू पाहणाऱ्याने आरंभ या शब्दापासून करणे सोयीचे ठरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात व्याधींचे चार भेद सांगितले आहेत: सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, ज्याच्यावर उपचारच चालत नाही तो अनुपक्रम, आणि या टोकांच्या मधला तो याप्य. काटेकोरपणे पाहता याप्य हा असाध्यातच मोडतो, कारण तो मुळापासून जात नाही. परंतु रोग्याचे आयुष्य शिल्लक असते, पथ्य सांभाळले तर त्याला थोडा आराम पडतो, आणि क्षुल्लक निमित्तानेही दुखणे पुन्हा उसळते. ‘कालयापन’ या परिचित शब्दातले यापन ते हेच, म्हणजे दिवसामागून दिवस निभावून नेणे. सुश्रुतसंहितेत याप्य रोगाच्या उपचाराला पडू घातलेल्या घराला लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकूने घर नवे होत नाही, पण तो जागच्या जागी बसवलेला असेल तर घर कोसळतही नाही. प्रमेहांपैकी पित्तज प्रमेह प्राचीन वैद्यांनी याप्यात घातले होते. आजचा मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात यांना हाच शब्द कमीअधिक प्रमाणात लागू पडतो.

अशा आजारातून माणसाला काही मिळते का, आणि मिळत असेल तर ते नेमके कशातून मिळते, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा वाटला तरी भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वी हाताळलेला आहे, आणि त्यांची उत्तरे परस्परविरोधी आहेत. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे साधनेच्या वाटेतले अडथळे, मोजले असून त्यांत पहिलाच क्रमांक व्याधीला दिला आहे. संशय, आळस, प्रमाद ही सारी मंडळी तिच्या मागे उभी आहेत. शरीर दुखत असताना चित्त एकाग्र होत नाही हे सांगायला योगशास्त्राची गरज नाही, हे खरे; तरीही यादीतले ते पहिले स्थान बोलके आहे. याच्या अगदी उलट, बृहदारण्यकोपनिषदाच्या पाचव्या अध्यायातील अकरावे ब्राह्मण असे सांगते की व्याधिग्रस्त माणूस जो तापतो तेच परम तप होय, आणि जो हे जाणतो तो परम लोक जिंकतो. संस्कृतात ताप आणि तप हे दोन्ही शब्द ‘तप्’ या एकाच धातूपासून येतात. उपनिषदाने त्या धातूतच आपला सिद्धान्त शोधला आहे. ज्वराने अंग तापते आणि पंचाग्नी पेटवून बसलेल्या तपस्व्याचेही तापते, तेव्हा दुसऱ्याला जे पुण्य लाभते ते पहिल्याला का लाभू नये, असा तो साधा, काहीसा धीट युक्तिवाद आहे.

शंकराचार्यांनी या वचनावर भाष्य करताना त्याला एक अट जोडली, आणि सगळा प्रश्न त्या अटीभोवती फिरतो. आजाराची निंदा न करता आणि विषादात न बुडता जो त्याच्याकडे तप म्हणून पाहतो त्याचेच ते तप होते, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे ताप आपोआप तप होत नाही. खाटेवर पडलेले सगळेच तपस्वी ठरले असते तर रुग्णालये आणि आश्रम यांत भेद राहिला नसता. मधली पायरी कोणती, हे मात्र भाष्याने फार उलगडलेले नाही. तिथे केवळ चिंतनाचा निर्देश आहे.

मराठी परंपरेत या विषयाचे सर्वांत तपशीलवार निरूपण समर्थ रामदासांच्या दासबोधात सापडते. समर्थांचे जन्मगाव जांब हे गोदावरीच्या उत्तरेस, आजच्या जालना जिल्ह्यात आहे, आणि नदीच्या दक्षिणेस बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. समर्थांनी ज्या दुखण्यांची नावे घेतली ती या पट्ट्यातील बोलीला आजही पूर्णपणे परकी वाटू नयेत. तिसऱ्या दशकाच्या सहाव्या समासात त्यांनी ‘आध्यात्मिक ताप’ वर्णिला आहे. आजच्या मराठीत आध्यात्मिक म्हणजे ईश्वराशी किंवा आत्म्याशी संबंधित असे काहीतरी उदात्त समजले जाते. समर्थांच्या परिभाषेत मात्र देह, इंद्रिये आणि प्राण यांच्यापासून उद्भवणारे जे दुःख ते आध्यात्मिक, इतर भूतांपासून होणारे ते आधिभौतिक आणि दैवयोगाने, मरणोत्तर यातनांपर्यंत, भोगावे लागणारे ते आधिदैविक. खरूज, खोकला, पोटशूळ, मूळव्याध यांच्या जातीची लांबलचक नामावळी अध्यात्माच्या सदराखाली वाचताना आधुनिक वाचकाला हसू येण्याचा संभव आहे, पण त्यात एक गंभीर सूचना दडली आहे: शरीराचे दुखणे ही माणसाच्या सर्वांत जवळची, ‘आत्म’ या शब्दाच्या जुन्या अर्थाने सर्वांत आतली गोष्ट आहे आणि आत्मविचार तिला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

दुखण्याने जे दिसू लागते त्याला बौद्ध परंपरेने एक नेमके नाव दिले आहे. अंगुत्तरनिकायात बुद्धाच्या तोंडी तीन मदांचा उल्लेख येतो: तारुण्याचा मद, आरोग्याचा मद आणि जीविताचा मद. मद म्हणजे केवळ गर्व नव्हे. ज्या धुंदीत माणसाला आपण धुंदीत आहोत हेही कळत नाही ती अवस्था. निरोगी माणूस आपल्या निरोगीपणाकडे कधी पाहत नाही, कारण तो त्यातूनच पाहत असतो. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःखाचे व दोषाचे ‘अनुदर्शन’, म्हणजे पुन्हा पुन्हा आणि बारकाईने पाहणे, हे एक लक्षण मानले आहे. ज्ञानदेवांनी त्याचा विस्तार करताना ज्ञानी पुरुष या अवस्था अंगावर येण्याआधीच त्यांना समोर ठेवून सावध होतो, असे विवेचन केले. निरोग्याला जे कल्पनेने आणि प्रयत्नाने साधावे लागते ते याप्य रोग्याला रोज सकाळी डोळे उघडताच समोर दिसते. केनोपनिषदातील प्रसिद्ध आख्यानात विजयाच्या धुंदीत असलेल्या देवांपुढे एक यक्ष प्रकटतो आणि एक गवताची काडी ठेवतो. अग्नीला ती जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही, आणि हे सामर्थ्य मुळात कोणाचे होते ते इंद्राला शेवटी सांगते ती उमा. दम्याच्या रुग्णाला, ज्याचा स्वतःचा प्राणवायू पहाटेच्या वेळी एक काडीही हलवू शकत नाही, ही कथा इतरांपेक्षा लवकर उमजत असावी.

मद उतरणे हा झाला एक लाभ. पण मद कोणत्याही आघाताने उतरतो: अपघाताने, दुष्काळाने, दिवाळ्यानेही. याप्य आजाराचे वैशिष्ट्य आघातात नाही, त्याच्या न संपण्यात आहे. म्हणून त्याचा खास असा काही लाभ असेल तर तो न संपणाऱ्या गोष्टीतच, म्हणजे पथ्यात शोधला पाहिजे. पथ्य या शब्दाचे मूळ ‘पथिन्’, म्हणजे वाट, हे आहे. जे शरीराच्या वाटेला धरून आहे ते पथ्य. त्याची तुलना व्रताशी करून पाहण्याजोगी आहे, कारण दोहोंत अन्नाचे निर्बंध असतात, वेळा असतात आणि मोह टाळणे असते. गेवराईच्या बाजूची एखादी वृद्धा शनिवारचा उपास, एकादशी आणि ‘शुगर’चे पथ्य एकाच श्वासात सांगते, यात नवल नाही. तरीही व्रताला आरंभी संकल्प असतो, मध्ये नियम असतो आणि शेवटी उद्यापन असते. सोळा सोमवार पुरे झाले की ब्राह्मण-सवाष्ण जेवू घालून माणूस मोकळा होतो. पथ्याला उद्यापन नाही. व्रताची कहाणी फळ सांगून संपते, तर पथ्याचे फळ म्हणजे आज काही झाले नाही, एवढेच: साखर चढली नाही, धाप लागली नाही, पाय सुजला नाही. न घडलेल्या गोष्टीचे फळ दाखवता येत नाही, त्याचा सोहळा करता येत नाही, आणि उद्या पुन्हा तेवढ्याच निष्ठेने तेच करावे लागते. फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा जो उपदेश गीतेने केला, त्याचा इतका रोकडा, इतका निरलंकार सराव दुसरीकडे क्वचितच मिळेल. आजाराशी ‘जमवून घेणे’, दुखणे ‘अंगवळणी पडणे’ हे वाक्प्रचार मराठीत रुळले ते उगीच नाही. अंगाला वळण लागते, आणि ते दुखण्याने लागत नाही, दुखण्याभोवती रचलेल्या दिनक्रमाने लागते.

शंकराचार्यांच्या भाष्यात न उलगडलेली मधली पायरी हीच असावी. पतंजलीचा अंतराय आणि उपनिषदाचे तप यांच्यामध्ये पथ्य उभे आहे. पथ्याशिवाय व्याधी हा अडथळाच राहतो. पथ्यासह तो साधनेचा एक प्रकार होऊ शकतो. टेकू घराचा भाग होतो तो असा.

या संदर्भात विसाव्या शतकातील एका मराठी उदाहरणाचा विचार केल्यावाचून पुढे जाणे अनुचित होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेह आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने आयुष्याच्या उत्तरार्धात सतत ग्रासले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजेच पुढच्या सविता आंबेडकर, यांच्याशी झाला, तेव्हा प्रकृतीची देखरेख हेही त्या सहजीवनाचे एक अंग होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ याच आजाराच्या काळात सिद्ध झाला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आजाराने माणसाला अंतर्मुख केले व त्यातून धर्मग्रंथ जन्मला, अशी सोपी संगती लावण्याचा मोह इथे होतो. पण खुद्द बाबासाहेबांचे लेखन तो मोह पुरा होऊ देत नाही. ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात त्यांनी आपली प्रकृती किती ढासळली होती हे नोंदवले आणि जगण्याचे श्रेय आपल्या पत्नीच्या व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले. आजाराचे आभार त्यांनी मानले नाहीत. आजार सांभाळणाऱ्यांचे मानले.

त्याहून महत्त्वाचे असे की त्याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनी बुद्धाच्या गृहत्यागाच्या पारंपरिक कथेवर बोट ठेवले आहे. सिद्धार्थाने वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी प्रथमच वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहिला म्हणून त्याने परिव्रज्या घेतली, ही कथा बुद्धीला पटणारी नाही, कारण रोज घडणाऱ्या या गोष्टी त्याने तोवर पाहिल्याच नसतील हे संभवत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधले. स्वतः रोगी असलेल्या विचारवंताने रोग्याच्या दर्शनाला धर्माचे उगमस्थान मानायला नकार द्यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. दुसऱ्याच्या व्याधीकडे पाहून स्वतःसाठी वैराग्य मिळवणे हा रोग्याचा एक प्रकारचा उपयोगच असतो, आणि धर्माचा उगम माणसामाणसांतील अन्यायात शोधणाऱ्याला तो पुरेसा वाटणे शक्य नव्हते.

हाच आक्षेप कर्मविपाकाच्या कल्पनेलाही लागू होतो. पूर्वजन्मीच्या संचित कर्मांपैकी जे फळ द्यायला लागले ते प्रारब्ध, आणि जुनाट दुखणे हा प्रारब्धाचा भोग, असा समज मराठवाड्यात रूढ आहे. गेवराई तालुक्यातच गोदाकाठी राक्षसभुवन हे शनीचे क्षेत्र आहे, आणि शनी हा जणू याप्य व्याधीचाच ग्रह आहे: शनैश्चर म्हणजे हळू चालणारा, सुमारे साडेएकोणतीस वर्षांत राशिचक्र पुरे करणारा, एकेका राशीत अडीच वर्षे रेंगाळणारा आणि म्हणून तीन राशी मिळून साडेसाती भोगायला लावणारा. भोग संपेल, हिशेब चुकता होईल, हा दिलासा या श्रद्धेतून मिळतो हे नाकारता येत नाही. परंतु साडेसातीला निदान शेवटची तारीख असते. याप्य आजाराला ती नसते, आणि जिथे तारीख नाही तिथे प्रारब्धाची भाषा हळूहळू दोषारोपाची होते: याने काहीतरी केले असेल, म्हणून याला झाले. रोग्याला पथ्याबरोबर हा आरोपही गिळावा लागतो.

तुकोबांनी दिवाळे, दुष्काळ आणि लोकांतला अपमान या साऱ्यांना बरे म्हटले, ही गोष्ट दुःखाच्या लाभाची चर्चा निघाली की हमखास पुढे केली जाते. तिचे व्याकरण मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. ते बोलणे प्रथमपुरुषी आहे, घडून गेलेल्या गोष्टींविषयीचे आहे आणि विठ्ठलाला उद्देशून आहे. या तिन्हींपैकी एकही बाजू बदलली की अर्थ उलटतो. ‘तुझे दिवाळे निघाले हे बरे झाले’ असे शेजाऱ्याने म्हटले तर तो संत ठरत नाही. आजाराच्या लाभाचे विधानही असेच आहे. ते रोग्याच्या तोंडी सत्य असू शकते आणि तेच शब्द निरोग्याच्या तोंडी क्रूर होऊ शकतात. १९९९ साली अमेरिकेतील गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलिगर या अभ्यासकांनी ज्याला ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ म्हटले तो इथे आठवतो: गंभीर व कायमचे अपंगत्व असलेल्या ज्या लोकांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले, जे बाहेरून पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र या निष्कर्षाच्या आनंदात मागे पडतो. शरीरावर आणि दिवसावर आपला ताबा उरला नाही, करायची ती कामे हातून होत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

दिवसावर ताबा असणे, म्हणजेच पथ्य पाळण्याची सवड असणे, ही बाब बीड जिल्ह्यात तात्त्विक राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, ज्याचा दंड उचलीत धरला जातो. पहाटेच्या अंधारात फडावर जायचे, गाडी भरायची असेल तर रात्री उठायचे, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जे शिजेल ते खायचे, अशा दिनक्रमात ‘जेवणाआधी अर्धा तास’ या सूचनेला काही अर्थ उरत नाही. गावच्या आरोग्य केंद्रातून महिनाभराच्या गोळ्या मिळत असल्या तरी हंगाम महिन्याचा नसतो. इथे व्याधी अंतरायच राहते, आणि याला रोग्याची श्रद्धा किंवा तिचा अभाव कारण नाही.

या व्यवस्थेने गोष्ट त्याच्याही पुढे नेली. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या बातम्या आल्यानंतर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कर्करोगाची भीती, उपचारांचा अभाव, आणि पाळीच्या किंवा अंगावरून जाण्याच्या दिवसांत पडणारा खाडा, ही कारणे पुढे आली. तरुण वयात बीजांडकोशही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि सांधे व कंबर कायमची धरते. म्हणजे खाडा टाळण्यासाठी एक नवे याप्य दुखणे विकत घेतले गेले. अशा स्त्रीला उपनिषदाचे वचन कोणी ऐकवले तर ते खोटे ठरणार नाही, पण ऐकवणाऱ्याला ते उच्चारण्याचा अधिकार कशाने आला, हे त्याला सांगावे लागेल. ती स्वतः, वर्षांनंतर, दुखण्याने आपल्याला काय शिकवले हे सांगू लागली तर तो भाग वेगळा, आणि तेव्हा ऐकणे एवढेच दुसऱ्याच्या वाट्याला येते.

वारकरी परंपरेत कूर्मदासाची कथा सांगतात. पैठणचा हा हातापायांनी अधू भक्त पंढरीच्या वाटेला लागला, सरपटत लऊळपर्यंत पोहोचला आणि तिथून पुढे त्याला जाता येईना, तेव्हा विठ्ठलच पंढरपूर सोडून त्याच्याकडे आला. कथेचा रोख देवाच्या कृपेवर आहे हे उघड आहे. पण पंगू शरीराला चालते करून देण्याचा चमत्कार कथाकारांनी टाळला, हेही तितकेच उघड आहे. कूर्मदास बरा होत नाही. हलावे लागते ते देवाला. वाट चालणे रोग्याला शक्य नसेल तेव्हा वाटेचे दुसरे टोक त्याच्याकडे आणणे हा पथ्याचाच विस्तार मानला, तर आशा कार्यकर्तीने वस्तीवर जाऊन रक्तदाब मोजणे आणि फडावर गोळ्या पोचवणे या गोष्टी प्रशासनाइतक्याच धर्मविचाराच्याही कक्षेत येतात.

बृहदारण्यकाच्या त्या ब्राह्मणात व्याधीचे तप हे तीन तपांपैकी पहिले आहे. दुसरे, मेलेल्याला अरण्यात नेतात ते. तिसरे, त्याला अग्नीवर ठेवतात ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वचनातील क्रियापदे अनेकवचनी आहेत, म्हणजे तिथे खांदा देणारे आणि चिता रचणारे लोक गृहीत धरलेले आहेत. पहिल्या वचनात क्रियापद एकवचनी आहे. रोगी तिथे एकटाच तापतो, आणि त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या कोणी ठेवला याचा उल्लेख मूळ संहितेत नाही.